सहा महिन्यांची मुदत कोणी घातली?

"आता आठ महिने झाले. जे यायचं ते आलं."

अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मीच म्हणू शकते. बोलणारा बहुधा मुलगा किंवा जावई. आवाज खालचा, पण आजारी माणूस त्याच खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत असतो. मग व्यायामाला येणारी बाई बंद होते आणि वॉकर दाराआड जातो. दोन-तीन महिन्यांत पाय खरंच आखडतो आणि सगळे म्हणतात, "बघा, म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतंत खरं. म्हणूनच तसं झालं.

गैरसमज: सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच. त्यानंतर चालणं सुधारत नाही.

वस्तुस्थिती: ही मुदत अगदीच हवेतून आलेली नाही, हे आधी मान्य करते. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरते, अर्धमेल्या पेशी सावरतात, शेजारचे भाग थोडं काम उचलतात. ही आपोआप होणारी सुधारणा आधी वेगात होते, मग मंदावते. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांच्या चालण्याची नोंद ठेवली गेली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. ९५ टक्के रुग्णांची सुधारणा पहिल्या ११ आठवड्यांतच झाली होती. आकडे खरे आहेत. पण ती नोंद होती त्या वेळच्या नेहमीच्या उपचारांची, आणि तीही ते उपचार संपेपर्यंतची. पुढे पुन्हा कसून सराव दिला तर काय होईल, हे त्या पाहणीने तपासलंच नव्हतं.

ते तपासलं अमेरिकेतल्या 'लीप्स' चाचणीने. तिचे निष्कर्ष २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. ४०८ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटाला दुसऱ्या महिन्यापासून, शरीराचं वजन पट्ट्यांनी पेलून ट्रेडमिलवर चालवलं. दुसऱ्याला हेच, पण सहा महिने उलटल्यावर. तिसऱ्याला दुसऱ्या महिन्यापासून फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. सहाव्या महिन्यात लवकर सुरुवात केलेले दोन्ही गट पुढे होते, यात नवल नाही. वर्षाअखेरीस मात्र तिन्ही गट बरोबरीला आले. एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी एक पायरी वर सरकली होती आणि तिन्ही गटांचा वेग सरासरी सेकंदाला पाव मीटरच्या आसपास वाढला होता.

पाव मीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा हळू चालणारा माणूस सहसा घरापुरता उरतो आणि ०.८ च्या पुढे गेलेला बाजारात जाऊन येतो. त्या अंतरातला निम्म्याहून जास्त पल्ला या पाव मीटरात आहे.

"आम्हीही व्यायाम केला की!" कोणता? पलंगावर पडून पाय दहा वेळा वर, दहा वेळा खाली. मेंदू ज्याचा सराव करतो तेच शिकतो. पडून पाय हलवला की पडून पाय हलवता येतो. लीप्समध्ये दीड-दीड तासाची ३६ सत्रं होती. सराव हवा तो असा: खुर्चीतून उठणं, उभं राहणं, वळणं, पायरी चढणं, चालणं, आणि हे पुन्हा पुन्हा, दम लागेपर्यंत. सहा महिने उलटलेल्या रुग्णांना हृदयाची गती वाढेल इतक्या जोमाने चालवावं, असं अमेरिकेतल्या मेंदूविकार फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अर्थात रक्तदाब आणि हृदय तपासून, डॉक्टरांना विचारूनच.

प्रत्येक जण चालेलच असं नाही. इजा मोठी असेल तर मर्यादा राहतात. पण ती मर्यादा रुग्णाला तपासून ठरते, कॅलेंडर बघून नाही.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात:

"मग पहिल्याच दिवसापासून खूप चालवू." नको. २०१५ची 'अॅव्हर्ट' चाचणी, २,१०४ रुग्ण: पहिल्या २४ तासांतच जोरात सुरुवात केलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट वाईट निघाली. सुरुवातीला थोडा थोडा वेळ, पण अनेकदा.

"तेल चोळलं की पायात ताकद येते." बरं वाटतं, एवढंच. बिघाड मेंदूत आहे. तेल पोटरीला लागतं.

"कबुतराच्या रक्ताने पाय सुधारतो." कबुतर जातं. पाय होता तिथेच राहतो.

"मोठ्या शहरातलं महागडं यंत्रच हवं." लीप्समध्ये ट्रेडमिल घरच्या व्यायामापुढे गेली नाही. पहिल्या तीन महिन्यांत मात्र ज्यांना अजिबात चालता येत नाही, त्यांना फिजिओथेरपीच्या जोडीने यंत्राचा उपयोग होतो.

"काठीची, स्प्लिंटची सवय लागते." चवडा लटकत असेल तर स्प्लिंटने ठेच कमी लागते, पावलं जास्त पडतात. जास्त पावलं म्हणजे जास्त सराव.

"लुळ्या हाताला धरून चालवावं." खांदा निखळेल. त्याच बाजूला उभं राहा, पण आधार कमरेला द्या.

"घरच्यांनी शिकून घेतलं की झालं." भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीत (२०१७) कुटुंबाला शिकवून घरी करून घेतलेल्या व्यायामाने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. घरच्यांची सोबत हवीच. फिजिओथेरपिस्टची जागा त्यांच्यावर ढकलू नका.

आता कोणी "आठ महिने झाले" म्हणालं, की मी एकच विचारते: त्यातले चालण्याच्या सरावाचे दिवस किती? बहुतेक घरांत उत्तर बोटांवर मोजून होतं. आणि पलंगावरचा माणूस मान वर करून बघतो.