शेवटच्या गाडीआधीचं कॉलेज

कट्टा, कँटीन, फेस्ट, नाइट आउट... कॉलेज लाइफचा हा फंडा मुंबई-पुण्यात ठीक आहे. महाड-पोलादपुरात मात्र कॅम्पसचं टाइमटेबल एसटी ठरवते!

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीच्या ऑफिस पार्टीला गेले होते. जेवणं उरकली आणि कोणीतरी खेळ काढला. 'कॉलेज' म्हटलं की तुम्हाला सगळ्यात आधी काय आठवतं, एका शब्दात सांगा. उत्तरं धडाधड आली. मल्हार. मूड इंडिगो. बंक. ट्रॅडिशनल डे. एकाने तर सरळ तिचं नावच घेतलं (बायको शेजारीच बसली होती, तिचं नाव वेगळं). माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "पावणेसहाची गाडी." सगळे माझ्याकडे बघतच राहिले. हा काय जोक आहे?

जोक नाही हो. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून आलात किंवा गोव्याहून येताना कशेडी ओलांडलात की जे गाव लागतं ते पोलादपूर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथे चहा घेतला असेल. पुढे महाड. पोलादपुरात आता सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे, पण मोठं मार्केट, मोठं कॉलेज, एसटीचं आगार म्हणजे महाड. साहजिकच बारावीनंतर मी महाडला जायला लागले.

आमच्या वाडीत मुक्कामाची गाडी यायची. शहरातल्या मंडळींसाठी सांगते, मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि सकाळी परत जाणारी एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे. सकाळी सहाला ती निघाली की पोरं, दूधवाले, कोर्टाच्या तारखेला निघालेले आजोबा आणि मुंबईला परत जाणारे चाकरमानी, सगळे त्या एका गाडीत. आणि तीच गाडी संध्याकाळी पावणेसहाला महाडहून सुटायची. ती चुकली की संपलं. मधे दुसरी नाही. हायवेवर पोलादपूरपर्यंत काहीतरी मिळेल, पण तिथून वाडीत जाणार कशी? मुलीच्या जातीला अंधारात पायी, हा ऑप्शन घरात कोणी उच्चारतसुद्धा नसे.

म्हणजे कॉलेज सुरू व्हायच्या बरंच आधी आम्ही महाडात हजर, आणि पाचला जीव टांगणीला.

कॅम्पस कुठला? स्टँड!

म्हणून खरं सांगायचं तर आमचा कॅम्पस होता महाडचा एसटी स्टँड. विन्हेऱ्याकडची पोरं, खाडीपट्ट्यातली, पाचाड-रायगडच्या बाजूची, वरंधच्या बाजूची आणि आम्ही पोलादपूरवाले, सगळे तिथेच भेटायचे. प्रत्येक बाजूचा आपला एक ठरलेला बाक. नोट्स तिथे फिरायच्या. झेरॉक्स स्टँडच्या बाहेर. प्रेमप्रकरणं फलाटावर जमायची आणि गाडीच्या रूटवर तुटायची, कारण तो खाडीपट्ट्यातला आणि ती रायगडकडची असेल तर दोघांना भेटायला मिळणार किती, दिवसाला चाळीस मिनिटं! खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या मुलाला आमच्यात जो भाव होता, तो आजकाल बाइकवाल्यालाही नसेल.

मजा होतीच. पण मजेच्या खाली एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली.

कॉलेजमध्ये काय नव्हतं? लायब्ररी, रीडिंग रूम, गरजू मुलांसाठी बुक बँक, एनएसएस, कमवा आणि शिका, वक्तृत्व, नाटक, गॅदरिंग. मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कुठल्याही बऱ्या कॉलेजात असतं ते सगळं. पण बहुतेक गोष्टी लेक्चर संपल्यावर सुरू होणार. सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकल्स दुपारी. रीडिंग रूमला शांतता येते तीही चारनंतर. गॅदरिंगच्या तालमी पाचनंतर. म्हणजे जे कॉलेज सगळ्यांसाठी उघडं होतं, त्याचा अर्धाच भाग आमच्या वाट्याला यायचा. उरलेला अर्धा महाड गावात राहणाऱ्यांचा. ह्यात वाईट कोणीच वागलं नाही. सर चांगले होते, कंडक्टरमामा तर त्याहून चांगले.

सेकंड इयरला मी एका वक्तृत्व स्पर्धेच्या फायनलला पोचले. माझा नंबर अकरावा. आठवा स्पर्धक बोलायला उभा राहिला तेव्हा घड्याळात पाच पस्तीस झाले होते. मी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे, आणि मी बॅग उचलली. विषय होता 'स्त्री आणि स्वातंत्र्य'. आज हसू येतं. त्या दिवशी गाडीत हसले नव्हते.

घड्याळ कोणाचं?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार आहे. दोन वर्षांचे कोर्स, फी कमी, बहुतेक मुलं घरून ये-जा करणारी, अर्धी नोकरी करून शिकणारी. तिथे संध्याकाळचे क्लासेस कॉमन. आपल्याकडे यूजीसीनेही बाराव्या पंचवार्षिक योजनेत ह्याच नावाची स्कीम आणली. पण नाव बाजूला ठेवा. आयडिया बघा: विद्यार्थ्याने कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे चालायचं की कॉलेजने विद्यार्थ्याच्या?

आणि ह्या आयडियासाठी अमेरिकेला जायची गरजच नाही, बॉस. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे वर्ग सकाळी भरवले, का? तर नोकरी करणाऱ्या मुलांना लेक्चर करून ऑफिस गाठता यावं म्हणून. ह्याच सोसायटीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ मध्ये महाडला आलं. १९२७ च्या मार्चमध्ये ज्या गावात चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, त्याच गावात. तळं कागदावर तर १९२४ पासूनच खुलं होतं, नगरपालिकेने तसा ठराव केला होता. ठराव असणं आणि पाण्यापर्यंत पोचता येणं ह्यात तीन वर्षांचं अंतर पडलं. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, मला माहितीय. तरी रीडिंग रूमच्या बंद होत जाणाऱ्या दारातून निघताना मला हेच आठवायचं.

गंमत म्हणजे महाडच्या उत्तरेला, माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ सालचं. तिथे होस्टेल्स आहेत. हायवेवरून जाताना रात्री तिथले दिवे दिसतात. आम्ही त्या दिव्यांना 'कॅलिफोर्निया' म्हणायचो.

गाडी हा आमच्याकडे साधा विषय नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल कोसळला आणि दोन एसटी प्रवाशांसकट वाहून गेल्या. मी सकाळी त्याच पुलावरून कॉलेजला गेले होते. पुढचे कित्येक दिवस आई फाटकापर्यंत सोडायला यायची आणि काही बोलायची नाही. जून २०१७ मध्ये नवा पूल सुरू झाला. पहिल्या दिवशी आमची गाडी त्यावर चढली तेव्हा गाडीत कोणी मोबाइलवर गाणं लावलं नव्हतं.

माझ्यानंतरच्या बॅचचं तर विचारूच नका. आधी लॉकडाउन, ऑनलाइन लेक्चर्स. आणि आमच्या वाड्यांमध्ये रेंजसाठी टेकडी चढावी लागते. मग २२ जुलै २०२१. महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी, तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत घरं गाडली गेली. २० ऑक्टोबरला राज्यातली कॉलेजं उघडली, आणि नोव्हेंबरपासून एसटीचा संप पेटला तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरंच होतं, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण कॉलेज उघडं आणि रस्ता रिकामा, असे पाच महिने काढणाऱ्या मुलीला 'अटेंडन्स कमी का?' असं विचारून बघा.

आज काय बदललं? बऱ्याच गोष्टी. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, पुढच्या विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत. आता एसटी शाळा-कॉलेजातच पास पोचवायला लागली, खिडकीवरची रांग वाचली. २०२४-२५ पासून विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलंय. आता एनएसएस, खेळ, कल्चरल ह्यांनाही क्रेडिट्स, शिवाय ऑन जॉब ट्रेनिंग. ट्रेनिंगला महाडची केमिकलची एमआयडीसी आहेच शेजारी. छान! फक्त पूर्वी पाचनंतर थांबला नाहीत तर तालीम चुकायची, आता क्रेडिट चुकेल.

माझी स्वतःची एक छोटी आयडिया आहे. पास काढायला कोणत्या गावातून किती मुलं येतात ही यादी कॉलेजमध्ये तयार होतेच. तीच यादी घेऊन प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक वर्षातून एकदा, जूनमध्ये, अर्धा तास एकत्र बसले तर? गाडी वीस मिनिटं उशिरा, नाहीतर प्रॅक्टिकल सकाळी. आठवड्यातून दोन दिवस जरी जमलं तरी पुष्कळ. ह्याला ना ग्रँट लागते ना जीआर. सिद्धार्थमध्ये १९४६ साली जमलं होतं.

गेल्या पावसाळ्यात घरी जाताना मुद्दाम महाड स्टँडवर थांबले. आमच्या बाकावर तीन मुली बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर केमिस्ट्रीचं जर्नल, ती उभ्या उभ्याच आकृती पुरी करायला लागली कारण गाडी लागली होती. मी कंडक्टरना आमच्या बाजूच्या गाडीची वेळ विचारली.

"पावणेसहा," ते म्हणाले, आणि डबल बेल मारली.