मिरची, बर्फ आणि माझी वही

मागच्या डिसेंबरात आपल्या मंडळाच्या काव्यवाचनाला मी अनवाणी आले होते. बाकी सगळे स्वेटर-मोजे घालून, आणि मी चपला हातात घेऊन दाराजवळच्या गार फरशीवर उभी. कुणी विचारलं, नवस बोललीस का? माझी पाळी यायच्या आधीच मी निघून गेले. त्याचं कारण तेव्हा सांगता आलं नाही. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हा लेख.

माझ्या आजाराचं नाव आहे एरिथ्रोमेलाल्जिया. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरांनी १८७८ साली हे नाव दिलं. ग्रीक भाषेत एरिथ्रोस म्हणजे लाल, मेलोस म्हणजे हातपाय आणि आल्गोस म्हणजे वेदना. नावातच सगळं आलं. झटका आला की तळपाय लालबुंद होतात, सुजतात आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. हे नुसतं वाटणं नसतं. आई हात लावते तेव्हा तिलाही पाय तापलेले लागतात. त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३६ अंशांच्या वर गेलं की असे झटके येऊ शकतात. इंदूरच्या मे महिन्यात काय होत असेल, ते सांगायला नको.

हा आजार दुर्मिळ आहे आणि तो दोन वाटांनी येतो. काहींमध्ये तो रक्ताच्या दुसऱ्या आजाराबरोबर येतो, विशेषतः प्लेटलेट वाढलेल्या असताना. अशा रुग्णांना ॲस्पिरिनच्या कमी मात्रेने बरेचदा आराम पडतो, पण ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नसते. काहींमध्ये तो घराण्यातून येतो. २००४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की याचं मूळ एससीएन९ए या जनुकातल्या बिघाडात असू शकतं; असा बिघाड असला तर वेदना वाहून नेणाऱ्या नसा थोड्याशा उबेनेही पेटून उठतात. कारण सापडतच नाही, असेही पुष्कळ रुग्ण असतात. मी त्यांतली.

निदान व्हायला दोन वर्षं गेली. ॲलर्जी झाली, बुरशी झाली, 'अंगात उष्णता' झाली. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टर मॅडमनी झटक्याच्या वेळचे फोटो मागितले आणि रक्ताची पूर्ण तपासणी करून घेतली. प्लेटलेट ठीक निघाल्या.

नाव कळलं आणि घरात पथ्य सुरू झालं. आजीने उष्ण म्हणून तीळ, गूळ, पपई, अंडी, बाजरी, आंबा सगळं बंद केलं. मावशीने दूध बंद करायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी गहू. सगळ्यांनी मायेनेच सांगितलं आणि मीही ऐकलं, कारण दुखत असलं की माणूस काहीही ऐकतो. तीन महिन्यांत वजन ६ किलो उतरलं आणि हिमोग्लोबिन ८.९ वर आलं. झटके मात्र होते तेवढेच. मॅडम म्हणाल्या, "एवढं सोडलंस, त्यातलं नेमकं कशाने बरं वाटलं ते सांग." मला सांगता येईना. सगळं एकदम सोडल्यावर कळणार तरी कसं!

त्यांनी वही घालायला सांगितली. किती वाजता काय खाल्लं, किती वेळ उभी होते, पायात काय होतं, हवा कशी होती आणि वेदना ० ते १० मध्ये किती, एवढंच लिहायचं. एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवायचा, मग परत खाऊन पाहायचा.

चार-पाच महिन्यांत वही बोलू लागली. तीळ, पपई, अंडी, दूध, पोळी यांनी मला काहीही होत नव्हतं. होत होतं ते लाल मिरचीची शेव आणि जीरावनाने, कडकडीत चहाने, आणि रात्री भरपेट जेवून लगेच रजईत शिरल्याने.

मिरचीचं कारण समजलं तेव्हा गंमत वाटली. तिच्यातलं कॅप्सेसिन शरीरातल्या त्याच संवेदकाला चेतवतं, जो साधारण ४३ अंशांच्या उष्णतेने जागा होतो. म्हणून मिरची खाल्ली की भाजल्यासारखं वाटतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. या संवेदकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. भरपेट जेवणानंतर अन्न पचवताना शरीर जास्त उष्णता तयार करतं. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून तीही अनेकांना बाधते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनीही अंग लाल होऊन तापतं, तेव्हा 'ताकदीची गोळी' घेतानाही विचारून घ्यावं.

वहीने आणखी एक दाखवलं. तेच पोहे सकाळी घरी खाल्ले तर चालतात, पण दुपारी उन्हातून बूट घालून आल्यावर खाल्ले तर नाही. एकेक गोष्ट थोडी थोडी साचत जाते. काव्यवाचनाच्या दिवशीही तसंच झालं होतं. बंद हॉल, तासभर उभं राहणं आणि त्याआधी जीरावन घातलेले पोहे.

आता आई तिखट घालण्याआधी माझी वाटी बाजूला काढते. माझ्या आमटीत जिरं, आमसूल आणि कोथिंबीर असते. चहा कोमट पिते, रात्री लवकर आणि थोडं जेवते. तिळाची चटणी, गूळ, अंडी परत आली. हिमोग्लोबिन ११.८ झालं. रोजचे झटके आठवड्याला दोन-तीनवर आले. पण गोळ्याही चालू आहेत, तेव्हा सगळं श्रेय जेवणाला देणार नाही. पथ्याने हा आजार बरा होत नाही, झटक्यांची काही निमित्तं तेवढी टळतात. माझी यादी दुसऱ्या रुग्णाला लागू पडेलच असंही नाही. मॅग्नेशियमने काहींना आराम पडल्याची नोंद आहे, पण त्याने जुलाब होतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते घातक ठरतं, म्हणून तेही मनाने घेऊ नये.

आणि बर्फ! बादलीत बर्फ टाकून पाय बुडवले की स्वर्ग वाटतो. मी तासन्‌तास बसायचे. त्याने कातडी भिजून फाटली, जखम चिघळली आणि महिनाभर कॉलेज बुडालं. आता पाय उशीवर उंच ठेवते आणि पंखा लावते.

तुमच्या घरात कुणाचे पाय असे लाल होऊन जळत असतील तर झटक्याच्या वेळी फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या. पथ्य करायचं तर वही घालून करा, ताट रिकामं करून नको.

यंदाही मी अनवाणीच येणार आहे. मला दाराजवळची, पंख्याखालची खुर्ची ठेवा आणि जमलं तर माझी कविता आधी घ्या.