फॉरमॅट मारण्याआधी

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मन्नाएखेळ्ळीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली, बीदरला इंजिनिअरिंग शिकणारी पोरं लॅपटॉप घेऊन येतात आणि टेबलावर ठेवतानाच म्हणतात, "मामा, फॉरमॅट मारून द्या." उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर काहीतरी इन्स्टॉल करताना अडलेलं असतं. मी आधी त्यांना पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायला लावतो. बहुतेक जण शेवटचीच ओळ वाचतात: 'तुमच्याकडे रोखून ठेवलेली तुटकी पॅकेजेस आहेत.' तिच्यातून काही कळत नाही. खरं कारण तिच्या वरच्या दोन-चार ओळींत असतं.

उबुंटू ज्या डेबियनवर उभी आहे, तो प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथलं प्रत्येक पॅकेज आपली गरज लिहून आणतं: मला अमुक लायब्ररी हवी, तीही अमुक आवृत्तीची. यालाच डिपेन्डन्सी म्हणतात. डीपीकेजी हा प्रोग्रॅम पॅकेज उलगडून डिस्कवर बसवतो. ॲप्ट हा दुसरा प्रोग्रॅम त्या गरजा वाचतो, लागेल ते भांडारातून, म्हणजे इंटरनेटवरच्या पॅकेजांच्या साठ्यातून, आणतो आणि मेळ बसला नाही तर थांबतो. त्याचं हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. जबरदस्तीनं बसवलेलं सॉफ्टवेअर सुरू होईलच असं नाही, आणि सोबत चालू असलेलं दुसरं काही बिघडू शकतं.

अलीकडच्या वर्षांत सगळ्यात जास्त दिसलेली अडचण लिबएसएसएलची, म्हणजे ओपनएसएसएलच्या लायब्ररीची. एका मुलाला प्रोजेक्टसाठी डेटाबेस हवा होता. त्यानं इंटरनेटवरून डेब फाइल, म्हणजे तयार पॅकेज, उतरवली, ती उबुंटू २०.०४ साठी बांधलेली. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. वरची ओळ स्वच्छ सांगत होती: लिबएसएसएल १.१ लागते, पण ती मिळण्यासारखी नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २२.०४ नं ओपनएसएसएल ३ घेतलं आणि १.१ भांडारातून काढून टाकलं. मित्रानं त्याला जुन्या उबुंटूतली लायब्ररी उचलून टाकायला सांगितलं होतं. तसं केलं की डेटाबेस चालू होतोही. पण ही लायब्ररी इंटरनेटवरचा व्यवहार कुलूपबंद ठेवते, आणि ओपनएसएसएल १.१.१ ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. हातानं टाकलेली ती प्रत पुढे कुणी दुरुस्त करणार नाही. आम्ही त्याच डेटाबेसची २२.०४ साठी बांधलेली नवी आवृत्ती शोधली. ती पहिल्याच फटक्यात बसली. फाइल उतरवण्याआधी आपल्या उबुंटूचा आकडा बघावा, एवढंच.

इन्स्टॉल होताना मध्येच वीज गेली आणि बॅटरी संपलेली असली, तर पॅकेज उलगडलेलं पण घडी न बसलेलं राहतं. तेव्हा 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवायचं आणि मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. अर्धवट कामाची नोंद डीपीकेजी ठेवतो, म्हणून तिथून पुढे जाता येतं. आधी डिस्कवर जागा आहे का ते 'डीएफ -एच'नं पाहावं. डीपीकेजीच्या नोंदीचं कुलूप मिळत नाही असा संदेश आला तर बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. तेव्हा थांबावं. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो मला मान्य नाही. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी तीच नोंद लिहू लागले तर खरी तुटफूट तिथून सुरू होते.

नुसती घाई काय करते, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. यूट्यूबवरचे लायनस सेबॅस्टियन उबुंटूवर आधारलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे गेम्सचं सॉफ्टवेअर बसवत होते. पॅकेजच्या गडबडीमुळे ॲप्टनं सांगितलं की त्यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, आणि 'होय, मी सांगतो तसं कर' हे इंग्रजीत टाइप करायला लावलं. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी ते एवढं सोपं ठेवलं नाही. तरी साधा 'हो की नाही' हा प्रश्न अजून येतोच. पोरांना मी सांगतो, वाय दाबण्याआधी 'काढली जातील' या मथळ्याखालची नावं एकेक करून वाचा. त्यात उबुंटू-डेस्कटॉप किंवा पायथन३ दिसलं, तर एन दाबा आणि लॅपटॉप घेऊन या.