नव्या मालाला वेगळे खाते हवे
मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यांना टोयोटाची मोटार ठाऊक आहे. पण तिचा जन्म मागाच्या कारखान्यात झाला, हे थोड्यांनाच माहीत असेल.

जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली, माग न थांबवता धोटा बदलणारा स्वयंचलित माग पूर्ण केला. धंदा जोरात होता. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांना मोटार काढायची होती. त्यांनी हे काम मागांच्या कामात मिसळू दिले नाही. १९३३ मध्ये कारखान्यातच मोटारीचे स्वतंत्र खाते उघडले. १९३५ मध्ये मोटारीचा नमुना तयार झाला. पण विक्रीला आधी ट्रक काढला. पहिले ट्रक वारंवार बिघडत. ते दुरुस्त करून देता देता दोष कळले, माल सुधारला. १९३७ मध्ये निराळी कंपनीच स्थापन झाली.

आपल्याकडे चालू ऑर्डरची घाई झाली, की नवा नमुना मागावरून उतरतो आणि पुन्हा चढत नाही. दोष हुनराचा नसतो, व्यवस्थेचा असतो. तेव्हा व्यापारी बंधूंनी नव्या मालासाठी दोन माग राखावेत, एकच जबाबदार जॉबर नेमावा, हिशेबाची वही वेगळी ठेवावी. आधी एकच जिन्नस बाजारात उतरवावा आणि गिऱ्हाइकाची तक्रार कान देऊन ऐकावी.