जुने घड्याळ निवडताना

जुनी घड्याळे जमवणारे कोणी नाव पाहतात, कोणी किंमत. विज्ञानशिक्षकाने मात्र विचारावे : हे घड्याळ काय मोजते आणि ते आपल्याला तपासता येईल का? वैमानिक, डॉक्टर, गिर्यारोहक यांच्या कामासाठी बनवलेली घड्याळे या कसोटीला उतरतात. त्यांतली माझ्या आवडीची तीन अशी.

पहिले, फावर-ल्यूबाचे १९६२ सालचे 'बिव्हूआक'. यात उंची दाखवणारा काटा असतो. आत धातूची, जवळजवळ निर्वात अशी डबी असते. माहूरला पायथ्यापासून दत्तशिखराकडे चढू लागलो की वरच्या हवेचे ओझे घटते, डबी किंचित फुगते आणि काटा सरकतो. सुमारे ९ मीटर चढल्यावर दाब १ मिलिबारने कमी होतो. पण आपल्याकडे एका जागी बसूनही दिवसभरात दाब सुमारे ३ मिलिबारने खाली-वर होतो. म्हणजे २५-३० मीटरांची फसगत! म्हणून पायथ्याशी काटा जुळवावा आणि उतरल्यावर पुन्हा पाहावा.

दुसरे, डॉक्टरांचे नाडीमापक घड्याळ. नाडीचे ३० ठोके मोजून सेकंदकाटा थांबवायचा. कडेच्या पट्टीवर मिनिटाचे ठोके वाचायचे. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले, तर ३० × ६० ÷ २५ = ७२. हे त्रैराशिकच तबकडीवर छापलेले असते.

तिसरे, आपले एचएमटी 'पायलट'. यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ पासून घड्याळे केली. चावीचे घड्याळ रोज १० सेकंद चुकले, तरी ८६,४०० सेकंदांत ही चूक ८,६४० त एक भाग इतकीच. आठवडाभर नोंद ठेवून विद्यार्थ्यांना हे काढता येईल.

एक सावधगिरी मात्र हवीच. १९६० च्या आधीच्या अनेक घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमयुक्त रंग असे. आज तो अंधारात चमकत नाही, कारण त्यातले झिंक सल्फाइड निकामी झालेले असते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षे. ते जवळजवळ सगळे तिथेच आहे. म्हणून चमक विझलेले असे घड्याळ वर्गात उघडू नये आणि त्याचा रंग खरवडू नये. रंगाची धूळ श्वासातून किंवा तोंडातून शरीरात गेली, तर रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते. अशा घड्याळाची काच फुटलेली असेल, तर ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.