राउटरमधली एक ओळ

नेरळ, कर्जत, चौक, खालापूर या पट्ट्यात गेल्या काही दशकांत जी फार्महाऊसं आणि सेकंड होम उभी राहिली, त्यांतल्या बहुतेकांचे मालक आठवडाभर मुंबई-ठाण्याला किंवा पुण्याला असतात. घराकडे बघायला एक राखणदार असतो आणि चार-आठ कॅमेरे. कॅमेरे मोबाइलवर दिसलेच पाहिजेत, ही मालकाची पहिली अट. ती पुरी करण्याचा एक जुना आणि अजूनही वापरात असलेला मार्ग आहे. कॅमेरे बसवणारा राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ नावाच्या पानावर एक ओळ भरतो: बाहेरचा पोर्ट ८०००, आतला पत्ता १९२.१६८.१.६४, आतला पोर्ट ८०००. सेव्ह करतो, फोनवर चित्र दाखवतो, बिल घेतो आणि निघतो. त्या ओळीने घरातल्या यंत्राकडे बाहेरून येणारं एक दार उघडलं, हे मालकाला कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की, या भागातला इंटरनेटचा सर्वांत दुर्लक्षित धोका या न सांगण्यातच आहे. पोर्ट उघडणं हा दोष नव्हे. तो कुणी उघडला, कशासाठी उघडला आणि बंद कोण करणार, याची कुठेच नोंद नसणं हा खरा दोष.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो, पण एकाच यंत्रावर अनेक कामं चालतात. तहसील कचेरीची इमारत एकच, मात्र दाखल्याची खिडकी वेगळी आणि सातबाऱ्याची वेगळी, तसे हे पोर्ट. त्यांचे क्रमांक ० ते ६५,५३५ असतात, कारण या क्रमांकासाठी १६ बिट राखलेले आहेत. पैकी १०२३ पर्यंतचे सर्वपरिचित सेवांसाठी, ४९,१५१ पर्यंतचे नोंदणीने मिळणारे आणि उरलेले तात्पुरत्या वापराचे. वेबसाइट ८० वर, सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, मेलची देवाणघेवाण २५ वर, नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ५३ वर, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, कॅमेऱ्याचं चालू चित्र बहुधा ५५४ वर. ही यादी आयाना ही संस्था राखते. तिच्यामागे जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत. १९९८ साली निधन होईपर्यंत ते हे काम पाहत होते.

मात्र या यादीत नाव असलं म्हणजे सेवा सुरक्षित, असं अजिबात नाही. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच हा सांकेतिक लिपीत बोलणारा प्रोग्राम लिहिला. फाइली पाठवणारी एफटीपी २१ वर आणि दुसऱ्या यंत्रात शिरून काम करू देणारी टेलनेट २३ वर होती. या दोन्ही सेवा पासवर्ड उघड्यावर पाठवत. मधला २२ रिकामा होता. युलोनेन यांनी आयानाला ईमेल लिहून तो मागितला आणि त्यांना तो मिळाला. म्हणजे २१, २२, २३ हे शेजारी असले तरी २२ वरचं बोलणं बंद पाकिटात जातं आणि २३ वरचं वाटेतला कुणीही वाचू शकतो. क्रमांक फक्त सोयीचा. त्यामागे कोणता प्रोग्राम ऐकत बसला आहे, तो किती जुना आहे आणि त्याचा पासवर्ड काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं: आमच्या आंब्याच्या चार झाडांत आणि विहिरीच्या पंपात कुणाला रस असणार? प्रश्न रास्त आहे, पण घर कुणी माणूस निवडत असतो हे त्यातलं गृहीतक चुकीचं आहे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन तयार केलं. एक पोर्ट जगभरातल्या जवळपास सर्व आयपीव्ही४ पत्त्यांवर उघडा आहे का, हे ते एका चांगल्या जोडणीवरून पाऊण तासाच्या आत तपासतं. ते संशोधनासाठी होतं, पण तेच काम चोरांची यंत्रं अहोरात्र करतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने २३ आणि २३२३ हे पोर्ट चाचपले, कारखान्यातून येणारे साठेक नाव-पासवर्ड लावून पाहिले आणि लाखो कॅमेरे, डीव्हीआर व राउटर ताब्यात घेतले. त्याच फौजेचा मारा त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डीएनएस सेवा देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी कित्येक तास अडखळल्या. अशा हल्ल्यात मालकाचा कॅमेरा चालूच राहतो, म्हणून त्याला काही कळतही नाही. चोराला तुमचा पंप नको असतो, तुमचं यंत्र आणि तुमची जोडणी हवी असते.

काही जाणकार सांगतात की क्रमांक बदला, ८००० ऐवजी ४८,२१७ ठेवा. त्याने वरवरची चाचपणी टळते, एवढं खरं. पण एका घरावरचे सगळे ६५,५३५ पोर्ट तपासणं यंत्राला कठीण नाही. दुसरा युक्तिवाद असा की मोबाइल कंपन्यांच्या जोडणीवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून कुणी येऊच शकत नाही. तेही बऱ्याच अंशी खरं, पण हा योगायोगाने मिळालेला आडोसा आहे. कॅमेरा दिसत नाही म्हणून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता, घेतला की तो आडोसा जातो. शिवाय यूपीएनपी ही सोय चालू असेल तर उपकरण राउटरला परस्पर सांगून स्वतःच पोर्ट उघडून घेतं. तिथे कॅमेरेवाल्याचीही गरज उरत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र उलट बाजूचा आहे: बाहेरचे पोर्ट बंद केले म्हणजे सुटलो का? नाही, आणि याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलची संगणक व्यवस्था नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामच्या हल्ल्यात बंद पडली आणि कंटेनर साचू लागले. हा प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून, म्हणजे रीतसर वाटेने आत आला होता. आत आल्यावर तो पसरला तो चोरलेल्या पासवर्डांच्या आणि विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्यासाठी असलेल्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टच्या आधारे. त्या पोर्टमागच्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मर्स्कचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं गेलं. यावरून पोर्ट बंद करणं निरुपयोगी ठरत नाही. उलट आतल्या खोल्यांमध्येही दारं हवीत, असं ठरतं. खोपोली-सावरोली पट्ट्यातल्या कारखानदारांनी हे विशेष लक्षात घ्यावं. यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकांशी बोलणारी मॉडबस ही १९७९ सालची भाषा पोर्ट ५०२ वर चालते आणि तिच्या मूळ रूपात पासवर्डाची सोयच नाही. जो पोहोचला, त्याचा हुकूम चालला. म्हणून हिशेबाचे संगणक आणि यंत्रांचं जाळं वेगळं ठेवणं ही चैन नव्हे.

सरकारने काहीच केलं नाही, असंही नाही. नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या निकषांवर तपासणी सक्तीची झाली आहे, आणि सायबर हल्ला झाल्यास सहा तासांत केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला कळवण्याचं बंधन संस्था-कंपन्यांवर २०२२ पासून आहे. पण भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांना आणि राउटरमध्ये आधीच भरलेल्या ओळींना नवा नियम शोधत येणार नाही. ते काम मालकाचं आहे. म्हणून पुढच्या शनिवारी कर्जतला याल तेव्हा कॅमेरेवाल्याला बोलावून घ्या. पोर्ट फॉरवर्डिंगचं पान तुमच्यासमोर उघडायला सांगा, प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते विचारा, ज्या ओळीचं कारण सांगता येणार नाही ती पुसायला लावा. यूपीएनपी बंद करा, राउटर आणि डीव्हीआरचे मूळ पासवर्ड बदला, उपकरणांचं अपडेट करून घ्या. घर बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे सांकेतिक लिपीत बोलणारी खासगी वाट, लावून मागा. आणि जे पोर्ट उघडे राहतील त्यांची यादी बिलावरच लिहून घ्या, त्याच्या सहीनिशी.