पद्मिनीला पुन्हा मूळ रूप

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात घडलेली फियाट ११०० १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर.

ठाणे-डोंबिवलीत ती घरच्या घरी पूर्ववत करायची, तर आधी पायाखालची रबरी मॅट उचलावी. दमट हवेने तिथलाच पत्रा सडतो. बोट दाबलं की गंजाचा पापुद्रा सुटतो. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा. वरून पुट्टी फासणं ही गाडीशी बेइमानीच. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुंडाळावेत.

मूळ इंजिन मात्र जिवापाड जपा! २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही.